वळणारी फेअरिंग आणि न वळणारी: स्टिरिओ कुणाच्या पोटात बसवायचा?

मोटरसायकल स्टँडवर उभी करा, हँडल एका टोकापर्यंत वळवा आणि समोर जाऊन बघा. चाकाबरोबर फेअरिंगही (हेडलाईटभोवतीचं, वारा अडवणारं पुढचं कवच) वळली असेल तर ती फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवर, बसलेली आहे. चाक वळलं आणि फेअरिंग मात्र नाकासमोर बघत तशीच उभी राहिली, तर ती फ्रेमवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर. दोन्हींतला फरक ओळखायला एवढी खूण पुरते. तरी स्टिरिओवाली फेअरिंग घ्यायला निघालेला माणूस हे बघायचं विसरतो, कारण फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. वर काच, मध्ये हेडलाईट, आतल्या बाजूला स्पीकरच्या दोन जाळ्या. मग पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा आहे?" माझ्या लेखी वॅट हा चौथा-पाचवा प्रश्न. फेअरिंग गाडीला कुठे धरून आहे यावर हँडलचा जडपणा, वाऱ्याचा धक्का आणि वायरिंगचं आयुष्य ठरतं, आणि गाणं किती ऐकू येणार हेसुद्धा.

नावांनी घोळ आणखी वाढवला आहे. हल्ली कुठल्याही रुंद फेअरिंगला सरसकट 'बॅटविंग' म्हणतात. मूळ बॅटविंग म्हणजे हार्ले-डेव्हिडसनने १९६९ साली इलेक्ट्रा ग्लाईडसाठी आणलेली, वटवाघळाच्या पंखांसारखी पसरलेली आणि फोर्कबरोबर वळणारी. त्याच कंपनीने १९८० च्या टूर ग्लाईडवर फ्रेमला धरलेली फेअरिंग दिली. पुढे १९९८ मध्ये तिचा वारसा रोड ग्लाईडकडे आला, आणि आज 'शार्कनोज' म्हणतात ती हीच जात. बाहेरून आणून लावायच्या फेअरिंगचं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे अमेरिकी डिझायनर क्रेग व्हेटर यांची १९७१ ची विंडजॅमर. तीही फ्रेमवरच बसायची. म्हणजे हा वाद पन्नास वर्षं जुना आहे, स्टिरिओ त्यात नंतर येऊन बसला.

आता हँडल. फोर्कवरच्या फेअरिंगमध्ये काच, हेडलाईट, स्टिरिओ, स्पीकर असं जे काही ठेवाल ते सगळं हँडलबरोबर फिरवावं लागतं. ते किती जड लागेल हे नुसत्या किलोंवर ठरत नाही. वस्तू स्टिअरिंगच्या अक्षापासून किती लांब आहे, हे त्याहून जास्त मोजलं जातं, आणि तेही अंतराच्या वर्गाने. एक किलोचा स्पीकर अक्षापासून २० सेंटीमीटरवर असला काय आणि ४० सेंटीमीटरवर असला काय, वजनकाट्यावर तो एकच किलो. हँडल वळवताना मात्र दुसरा पहिल्याच्या चौपट आडवा येतो. बॅटविंगच्या पंखांच्या टोकाला मोठ्या चुंबकाचे स्पीकर बसवणाऱ्यांनी हा हिशेब मनात ठेवावा. ॲम्प्लिफायर तर वळणाऱ्या फेअरिंगमध्ये अजिबात ठेवू नये. तो सीटखाली किंवा बाजूच्या डिकीत जाऊ द्या. फ्रेमवरच्या फेअरिंगला ही कटकट नाही. वजन गाडीला जाणवतं, हातांना नाही.

वाऱ्याचंही तसंच. मोठ्या ट्रकच्या मागून बाहेर पडताना हवेचा जो थपडा बसतो, तो फोर्कवरची फेअरिंग थेट तळहातांत आणून देते. फ्रेमवरची तोच धक्का गाडीच्या अंगावर घेते. धक्का नाहीसा होतो असं नव्हे. आडव्या वाऱ्यात अख्खी गाडी सरकतेच, पण हँडल हातात झटके देत नाही. दिवसभरात चारशे-पाचशे किलोमीटर कापणाऱ्याच्या खांद्यांना हा फरक संध्याकाळी कळतो.

फोर्कवर फेअरिंग चढवल्यावर काही गाड्यांत नवाच रोग दिसू लागतो. वेग उतरत ७० च्या आसपास आला की हँडल थरथरतं, सेकंदाला चार ते दहा वेळा. हात घट्ट असले तर पत्ता लागत नाही, पकड सैल पडली की कळतं. लोक फेअरिंगला शिव्या देतात, पण तिने बहुतेक वेळा आधीचंच दुखणं उघडं पाडलेलं असतं. कोनसेट, म्हणजे फोर्क आणि फ्रेम जुळतात त्या मानेतलं हँडल फिरवणारं बेअरिंग, ढिला असतो, पुढचा टायर वेडावाकडा झिजलेला असतो, नाहीतर मागची डिकी ठासून भरल्यामुळे पुढचं चाक हलकं झालेलं असतं. म्हणून फेअरिंग लावण्याआधी पुढचं चाक जमिनीपासून उचलून कोनसेट बघून घ्या. फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवल्यावर टकटक जाणवली, तर आधी ते काम.

फ्रेमवाली सगळ्यात सरस असं मात्र मी म्हणणार नाही. पार्किंगमध्ये, चिंचोळ्या वळणावर ती पहिले काही दिवस चकवते. हात वळतात, चाक वळतं आणि डोळ्यांसमोरची एवढी मोठी वस्तू हलत नाही, त्यामुळे आपण कमी वळलो असं वाटत राहतं. हेडलाईटही सरळच बघत राहतो. शिवाय ती कुठल्याही गाडीला लागत नाही, त्या-त्या मॉडेलचे ब्रॅकेट लागतात. याउलट फोर्कवरची फेअरिंग क्लॅम्पवर बसते. फोर्कच्या नळ्याचा व्यास जुळला, म्हणजे ३९ च्या नळ्याला ३९ मिलिमीटरचा आणि ४९ ला ४९ चा क्लॅम्प मिळाला, की काम झालं. पुष्कळ फेअरिंगना हाताने फिरवायचे नॉब असतात. सहलीला लावली, एरवी काढून ठेवली. ज्याला वर्षातून दोनदाच लांब जायचं आहे त्याने उगाच फ्रेमवालीच्या मागे लागू नये.

आवाजाकडे येऊ. फोर्कवरच्या फेअरिंगमध्ये स्पीकर छातीच्या जवळ असतात. फ्रेमवाली हँडलच्या पुढे असते, कारण हँडल फिरायला जागा सोडावीच लागते. उघड्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि वॅट दुप्पट केले की जेमतेम ३ डेसिबल वाढतात. म्हणजे स्पीकर ५० ऐवजी ७० सेंटीमीटरवर गेला की तेवढाच आवाज ऐकायला दुप्पट वॅट हवेत. वीस सेंटीमीटरची ही किंमत. फ्रेमवाल्या फेअरिंगमध्ये मोठे स्पीकर आणि वेगळा ॲम्प्लिफायर का लागतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर काचेच्या वरच्या कडेत. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. त्याच्याशी स्पीकरने भांडायचं म्हणजे कानांचं नुकसान दुप्पट. बसल्यावर काचेची कड साधारण नाकाच्या रेषेत यावी, नजर काचेवरून जावी आणि हवा हेल्मेटवरून. कड चुकली तर फाटलेली हवा नेमकी हेल्मेटवर आपटते, मग कितीही भारी स्टिरिओ असो, गाण्याचे शब्द कळत नाहीत. ॲम्प्लिफायरवर खर्च करायच्या आधी काचेची उंची बदलून बघा.

वॅटचा विषय निघालाच आहे तर डब्यावरचा '५० × ४' (चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॅट) हा आकडाही एकदा उलगडून बघू. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर ४ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). १४.४ चा वर्ग सुमारे २०७. त्याला ओहमच्या दुपटीने, म्हणजे ८ ने, भागलं की २६ वॅट. वेगळ्या ॲम्प्लिफायरशिवाय स्वच्छ आवाजाची ही वरची मर्यादा, प्रत्यक्षात त्याहूनही कमीच मिळतं. मग ५० कुठून आले? त्याच २०७ ला ४ ने भागलं की ५२ येतात. म्हणजे आवाज पार फाटून लहर चौकोनी झाली की मिळणारी ताकद. डब्यावर आरएमएस वॅट (सतत मिळणारी ताकद) लिहिले असतील तेवढेच खरे धरा.

बास नाही अशी तक्रार दोन्ही प्रकारांत येते, आणि तिचं कारण बऱ्याचदा स्पीकरच्या मागे सापडतं. स्पीकरचा पडदा पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे ओढतो. मागची बाजू उघडी असली तर दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात आणि खालचे सूर मरतात. फेअरिंग म्हणजे मागून उघडं ताटच असतं. स्पीकरमागे बंद डबी बसवली की तोच स्पीकर ओळखू येत नाही.

वायरिंगमध्ये मात्र दोन्हींची तुलनाच नाही, इथे फोर्कवाली अवघड. बॅटरीकडून येणारी प्रत्येक वायर मानेपाशी हँडलबरोबर पिळली जाते, दिवसातून शेकडो वेळा. बारीक तारांची लवचिक वायर घ्या आणि मानेजवळ सैल वळसा सोडा. केबल टाय अशा आवळू नका की वायर त्याच एका जागी दुमडेल. आणि अर्थ, म्हणजे करंट परत नेणारी वायर, बॅटरीच्या निगेटिव्हवरच न्या.

हे शेवटचं मी स्वतः भोगून शिकलो. माझ्या पहिल्या बॅटविंगला स्टिरिओचा अर्थ क्लॅम्पच्या बोल्टवर घेतला होता. लोखंडाला लोखंड लागलंय, अजून काय हवं, असं तेव्हा वाटलं. गाडी सुरू केली की स्पीकरमधून बारीक शिट्टी, आणि रेस वाढवली की शिट्टीही वर चढायची. दोन संध्याकाळी स्टिरिओ उघडून बसलो. नंतर डोक्यात प्रकाश पडला की फोर्क आणि फ्रेम यांच्यामध्ये ग्रीसने भरलेला कोनसेट आहे, आणि स्टिरिओचा सगळा करंट त्या बेअरिंगच्या गोळ्यांमधून वाट काढत परत जातोय. बॅटरीपर्यंत एक काळी वायर ओढली, शिट्टी गेली.

स्टिरिओची पिवळी आणि लाल वायरही लोक अदलाबदल करून जोडतात. पिवळी कायम बॅटरीवर, ती स्टिरिओची आठवण जपते. लाल चावीच्या स्विचवर. दोन्ही थेट बॅटरीवर जोडल्या तर स्टिरिओ चावी काढल्यावरही जागा राहू शकतो आणि आठवडाभर उभी असलेली गाडी सुरू होत नाही. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसवा, फेअरिंगच्या आत नको.

फ्रेमवालीत वायरी स्थिर असतात, तिथे डोकेदुखी जागेची. भोक पाडण्याआधी फेअरिंग नुसती टेकवून धरायला दुसऱ्या कुणाला सांगा, हातमोजे घाला आणि लिव्हर दाबून हँडल दोन्ही टोकांना न्या. ब्रेकच्या तेलाची डबी किंवा बोटांची पेरं फेअरिंगला घासत असतील तर ब्रॅकेट पुढे सरकवावे लागतील. फोर्कवालीत हीच तपासणी टाकीच्या बाजूने करायची, कारण तिथे फेअरिंगची खालची कड टाकीला जाऊन भिडते.

सगळं आवळून झालं की गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करा आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. इंजिनाचा आवाज जराही चढला, तर कुठेतरी रेसची केबल फेअरिंगच्या मागे अडकून ओढली जातेय. पुन्हा खोला. तशीच बाहेर काढलीत तर पहिल्याच यू-टर्नला गाडी आपण होऊन रेस घेईल.