पार्श्वभूमी: अझ्ल, १२० दिवस आणि तांबी

गर्भनिरोधक गोळी किंवा तांबी चालते का, या प्रश्नावर आजचा मुफ्ती (इस्लामी कायद्यावर मत देणारा जाणकार) उत्तर देतो तेव्हा त्याचा आधार सातव्या शतकातल्या एका साध्या पद्धतीवर असतो. ती पद्धत म्हणजे अझ्ल, वीर्यस्खलनाआधी पुरुषाने बाजूला होणं. कुराणात संततिनियमनाबद्दल थेट काही नाही. गरिबीच्या भीतीने मुलांना मारू नका, ही आयत (१७:३१) जन्मलेल्या मुलांबद्दल आहे. तिचा आवाका गर्भनिरोधनापर्यंत न्यायचा की नाही, यावर वाद झाले. बहुसंख्य फकीहांनी (इस्लामी कायदेपंडितांनी) तो नेला नाही.

पैगंबरांचे सहकारी जाबिर इब्न अब्दुल्लाह यांची हदीस (पैगंबरांच्या काळाबद्दलची परंपरेने आलेली नोंद) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे: कुराण उतरत होतं त्या काळात आम्ही अझ्ल करत होतो. म्हणजे ते हराम (निषिद्ध) असतं तर मनाई आली असती. याच्या विरुद्ध, मुस्लिमच्याच संग्रहात जुदामा बिन्त वहब यांच्या रिवायतीत (त्यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये) अझ्लला मूल छुपेपणाने जिवंत पुरण्यासारखं म्हटलं आहे. अंदलुसियाचे इब्न हज्म (मृत्यू १०६४) यांनी ती प्रमाण मानून अझ्ल निषिद्ध ठरवला. इतरांनी दोन्ही रिवायतींचा मेळ घातला आणि अझ्लला जाएज (चालणारं) किंवा फार तर मकरूह (नापसंत, पण निषिद्ध नाही) म्हटलं.

इमाम गझाली (मृत्यू ११११) यांची मांडणी अजूनही सगळ्यात स्वच्छ वाटते. त्यांनी करारातला दाखला घेतला: इजाब म्हणजे प्रस्ताव, कबूल म्हणजे स्वीकृती. पुरुषाचं बीज हा प्रस्ताव. स्त्रीकडून स्वीकृती मिळण्याआधी तो मागे घेतला तर करार मोडला असं होत नाही. दोन्ही जुळल्यावर मात्र मागे फिरणं गुन्हा ठरतं आणि गर्भ वाढेल तसा तो गुन्हाही वाढतो. पत्नीचा जीव जपणं, तिचं रूप टिकावं ही इच्छा, मुलं वाढल्यावर येणारी ओढाताण ही कारणं त्यांना मान्य होती. मुलगी होईल या भीतीने केलेला अझ्ल मान्य नव्हता.

संमतीचा मुद्दाही जुनाच. मूल होणं हा पत्नीचाही हक्क, म्हणून सुन्नी कायद्याच्या चार परंपरांपैकी हनफी, मालिकी आणि हंबली फकीहांनी साधारणपणे तिची परवानगी मागितली. शाफिई मतात ती सहसा आवश्यक नव्हती. नवऱ्याला न विचारता गोळ्या किंवा बायकोला न विचारता नसबंदी, ही आजची भांडणं याच चौकटीत तोलली जातात.

गर्भपाताचा हिशेब वेगळा. इब्न मसऊद यांच्या हदीसप्रमाणे गर्भ ४० दिवस नुत्फा (थेंब), ४० दिवस अलका (रक्ताची गाठ), ४० दिवस मुद्गा (मांसाचा गोळा) असतो आणि मग त्यात रूह (आत्मा) फुंकली जाते: एकूण १२० दिवस. त्यानंतर आईचा जीव वाचवणं एवढंच कारण उरतं. त्याआधी बऱ्याच हनफींनी सबळ कारण असेल तर सवलत दिली. मालिकींनी बहुतेक वेळा ४० दिवसांच्या आतही दिली नाही. १९९० मध्ये मक्केतल्या राबिता अल-आलम अल-इस्लामीच्या (मुस्लिम वर्ल्ड लीगच्या) फिक्ह म्हणजे इस्लामी कायद्याच्या परिषदेने गर्भात गंभीर, उपचार नसलेलं व्यंग असेल आणि विश्वासू तज्ज्ञांच्या समितीने तसं सांगितलं असेल, तर आईवडिलांच्या मागणीवरून १२० दिवसांच्या आत गर्भपाताला मुभा दिली.

इथेच प्रत्यक्षात घोटाळा होतो. १२० दिवस गर्भधारणेपासून मोजतात, तर डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. २८ दिवसांची पाळी धरली तर १४ दिवस मिळवावे लागतात, म्हणजे १३४ दिवस: सोनोग्राफीच्या रिपोर्टवर १९ आठवडे १ दिवस. व्यंग शोधणारी सविस्तर सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत होते. ती विसाव्या आठवड्यात ठेवली तर निदान होईतो मुदत उलटलेली असते. १८ वा आठवडा लागताच केली, तरी दुसरं मत आणि समितीचा अहवाल यांसाठी जेमतेम आठवडा हाती राहतो. उलट, रिपोर्टवरचे आठवडे म्हणजेच १२० दिवस असं समजून १७ आठवडे १ दिवसालाच मुदत संपली असं मानणारे दोन आठवडे विनाकारण गमावतात.

विसाव्या शतकात १९३७ साली इजिप्तचे मुफ्ती अब्दुल मजीद सलीम यांनी अझ्लवरून कियास (साम्यावरून निष्कर्ष) करून नव्या साधनांना परवानगी दिली. १९८८ मध्ये कुवेतमधल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिक्ह अकादमीने महत्त्वाची रेघ ओढली: पतिपत्नीने आपसांत ठरवून, हानी न होता, तात्पुरतं नियंत्रण ठेवणं जाएज, निकड नसताना कायमची नसबंदी नाही, आणि किती मुलं व्हावीत यावर बंधन घालणारा सामान्य कायदाही नाही. इराणचा रस्ता वेगळा होता. १९८९ पासून तिथे सरकारी कार्यक्रमात नसबंदीसुद्धा मोफत मिळत होती आणि दर स्त्रीमागे सुमारे सहा मुलांवरून प्रमाण २००० च्या आसपास दोनवर आलं. २०२१ च्या कायद्याने सरकारी दवाखान्यांतलं साधनांचं मोफत वाटप बंद केलं.

तांबीबाबत एक अडचण फतव्यांत कमी आणि घरात जास्त जाणवते, ती रक्तस्रावाची. तांब्याच्या तांबीने पहिले काही महिने पाळी लांबते. हनफी मतात हैज (पाळीचा काळ, ज्यात नमाज माफ असते) किमान ३ आणि कमाल १० दिवसांचा. एखादीची सवय ६ दिवसांची असेल आणि रक्त ९ व्या दिवशी थांबलं, तर नऊही दिवस हैज. तेच १० दिवसांपुढे गेलं, तर हैज फक्त पहिले ६ दिवस. पुढचं सगळं इस्तिहाजा (पाळीबाहेरचा रक्तस्राव), आणि ७ ते १० या चार दिवसांत सुटलेल्या नमाजा कझा कराव्या (नंतर भरून काढाव्या) लागतात. शाफिई मतात कमाल मर्यादा १५ दिवसांची आहे, त्यामुळे तेच रक्त १२ व्या दिवशी थांबलं तर बाराही दिवस हैजच धरले जातात. म्हणून तांबी बसवण्याआधीच्या पाळ्यांचे दिवस तारखांसह लिहून ठेवावेत. ती नोंद नसली की आपली सवय किती दिवसांची होती हेच नंतर आठवत नाही.