लिहिताना रडू आलं तरच कथा पोचते?

‘लेखकाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तर वाचकाच्याही येणार नाही’ हे वाक्य नवलेखकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतंय. ते पटतं, कारण जीव ओतून लिहिलेलं आपल्याला आवडतं. लिहिताना रडू आलं तर त्यात गैर काहीच नाही. पण वाचकाला लेखकाचे डोळे दिसत नाहीत, त्याच्यापुढे फक्त शब्द असतात. आपल्या जुन्या रसविचारातही रस, म्हणजे वाचक-प्रेक्षकाला येणारा भावनेचा आस्वाद, येतो तो विभाव (भावना जागवणारी माणसं आणि परिस्थिती), अनुभाव (ती भावना दाखवणारं वागणं, हावभाव) आणि व्यभिचारी भाव (मधूनच येणाऱ्या-जाणाऱ्या भावना) यांच्या संयोगातून. कवीने रडलंच पाहिजे अशी अट त्यात नाही.

समजा, मुलगा सुट्टी संपवून मुंबईला निघालाय. ‘आईला फार वाईट वाटलं’ यातून नुसती माहिती कळते. आता हे वाचा: एसटी वळणाआड गेली. आई खळ्यातून पडवीत आली. आमसुलांची पिशवी तिथेच राहिली होती. तिने गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली आणि पिशवी खुंटीला लावली.

पडताळून पाहायचं तर कथा ठाऊक नसलेल्या दोघांना एकेक उतारा द्या आणि आईच्या मनात काय चाललं असेल ते विचारा. स्वतःचं लेखन मात्र महिनाभर बाजूला ठेवून वाचा. लिहितानाचं रडू तोवर ओसरलेलं असतं, त्यामुळे कागदावर खरंच किती उतरलंय ते दिसतं.