वर्तनाधारित मुलाखतीची तयारी

‘वरिष्ठांशी मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांगा’, ‘काम मुदतीत होणार नाही असे दिसले तेव्हा काय केलेत?’ अशा, उमेदवाराच्या पूर्वीच्या वागण्याचा शोध घेणाऱ्या प्रश्नांसाठी करावयाची तयारी. माणूस पूर्वी जसा वागला तसाच पुढेही वागण्याचा संभव अधिक, हे या प्रश्नांमागचे गृहीतक.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाच्या वैमानिक-निवडीवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये निर्णायक प्रसंग, म्हणजे काम साधण्यास वा फसण्यास कारण ठरलेले प्रत्यक्ष वागणे, टिपण्याची पद्धत मांडली. या मुलाखतीचे मूळ तेथवर जाते. १९८२ मध्ये संशोधक टॉम जॅन्झ यांनी अशा मुलाखतींची मोकळ्या गप्पांवजा मुलाखतींशी तुलना केली. आता मोठ्या कंपन्या आपापली मूल्ये समोर ठेवूनच प्रश्न काढतात. ॲमेझॉनची सोळा नेतृत्वतत्त्वे हे त्याचे परिचित उदाहरण.

उत्तरासाठी ‘स्टार’ हा इंग्रजी आद्याक्षरांवरून (Situation, Task, Action, Result) नाव पडलेला साचा रूढ आहे : परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. बहुतेकांचे उत्तर परिस्थितीतच अडकते. प्रकल्प, क्लायंट, टीम यांचे वर्णन लांबते आणि कृती एका वाक्यात उरकली जाते. वास्तविक गुण कृतीलाच मिळतात. मराठी उमेदवाराची आणखी एक अडचण म्हणजे ‘आम्ही’. स्वतःचे श्रेय सांगणे म्हणजे बढाई, या संस्कारामुळे ‘आम्ही ठरवले, आम्ही केले’ असे बोलले जाते आणि ‘त्यात तुम्ही नेमके काय केलेत?’ हा प्रतिप्रश्न हमखास येतो.

म्हणून तयारी उत्तरांच्या पाठांतराने नव्हे, प्रसंगांच्या यादीने सुरू करावी. संघर्ष, अपयश, पुढाकार, अपुरी माहिती असताना घेतलेला निर्णय, असे पाच-सहा खरे प्रसंग तपशिलांसह आठवून ठेवले की बरेचसे प्रश्न त्यांतच बसतात. अनुभव नसलेल्यांनी कॉलेजचे गॅदरिंग, एनएसएसचे शिबिर किंवा मंडळाच्या वर्गणीचा हिशेब यांतले प्रसंग घ्यायला हरकत नाही. अपयशाच्या प्रश्नावर ‘मी फार परिपूर्णतावादी आहे’ हे उत्तर मात्र आता मुलाखतकारांना पाठ झाले आहे.

रचलेला प्रसंग दोन-तीन प्रतिप्रश्नांत उघडा पडतो. सेनादलांचे अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) प्रक्रियेत तर मुलाखत घेणारा अधिकारी उमेदवाराने स्वतः भरलेल्या माहितीपत्रकावरूनच प्रश्नांची सरबत्ती करतो. मानसशास्त्रज्ञ आणि गटचाचणी अधिकारी त्याच उमेदवाराला स्वतंत्रपणे जोखतात आणि तिघांची मते अखेरच्या दिवशीच्या बैठकीत एकत्र येतात. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था मुलांना या निवडीसाठी तयार करते.