मिठागरातील निरीक्षण (गोवा)

भरतीचे पाणी आत घेऊन उन्हा-वाऱ्यावर आटवायचे आणि खाली बसलेले मीठ ओढून काढायचे, हे मिठागराचे काम. सांगायला सोपे असले तरी त्यासाठी आगरात राबणाऱ्याला चंद्राची तिथी, दुपारचा वारा, पूर्वेकडचे ढग आणि वाफ्यातल्या पाण्याचा रंग यांवर रोज नजर ठेवावी लागते. आकाश आणि पदार्थ एकत्र वाचण्याची ही रीत गोव्यात मीठगावडे व आगरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. पेडण्यातील आगरवाडा, बार्देशातील हडफडे, तिसवाडीतील रायबंदर आणि शिरदोण ही मिठागरांसाठी ओळखली जाणारी गावे. तिथे आज थोडीच आगरे चालू आहेत.

गोव्यातली बहुतेक आगरे खाजन जमिनीत आहेत. मांडवी, झुवारी आणि इतर नद्यांच्या मुखाकडील सखल भाग बांध घालून भरतीपासून राखला, ते खाजन. बांधातल्या दाराला मानस म्हणतात. शेतीच्या खाजनात मानशीचे दार भरतीच्या रेट्याने आपोआप मिटते व ओहोटी लागली की उघडते. आगरात मात्र खारे पाणी हवेच असते, म्हणून भरती गाठून ते मुद्दाम आत घ्यावे लागते.

इथे तिथी उपयोगी पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती एकमेकींना छेद देते, पाणी कमी चढते आणि त्याला भांग म्हणतात. उधाणात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून ही वेळ काढण्याचा हिशेब आहे. चतुर्थी असेल तर पूर्ण भरती तीनच्या सुमारास. एका तिथीला पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटे, हा आकडा प्रत्यक्षाच्या इतका जवळ आहे की घड्याळ नसलेल्या माणसांनी तो बसवला याचे मला फार कौतुक वाटते.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग खाण्याच्या मिठाचा. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकवत आटवले की क्षार एकदम खाली बसत नाहीत, रांगेने बसतात. पाणी निम्म्यावर आले की चुना, पाचव्या हिश्श्यावर आले की जिप्सम, आणि दहाव्या हिश्श्याच्या आसपास मीठ. मागे उरते ते मॅग्नेशियमचे कडू पाणी. ते वेळीच काढून टाकले नाही तर मिठाला कडवटपणा येतो आणि ते लवकर पाझरते.

मीठ धरायला आले की पाण्याला गुलाबी झाक येते. इतक्या खारटपणात तग धरणारे सूक्ष्म शैवाल आणि जिवाणू आपल्यात नारिंगी-तांबडी रंगद्रव्ये साठवतात, त्यांचा हा रंग. तांबूस पाणी ऊनही जास्त शोषते, त्यामुळे आटणे वेग घेते.

दुपारी वाफ्याच्या काठावर उकिडवे बसून पाण्याकडे तिरकी नजर टाकावी. पृष्ठभागावर आधी पापुद्र्यासारखे चौकोनी ठिपके दिसतात. पाण्याच्या पृष्ठताणावर तो एवढासा चौकोन तरंगत असतो. वजनाने किंचित खाली दबतो, तेवढ्यात पाण्याच्या रेषेवर त्याच्या कडांना नवी किनार चढते. पुन्हा दबतो, पुन्हा किनार. असे होत होत आतून पोकळ, वर रुंद आणि खाली निमुळता स्फटिक तयार होतो. तळहातावर घेऊन पाहिला तर तो देवळाच्या तळीसारखा दिसतो, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या. वाऱ्याने पाणी हलले की हे तरंगते स्फटिक बुडतात आणि तळाशी भरीव घन होऊन वाढतात. दोन्ही रूपांत कोपरा काटकोनाचाच राहतो, कारण आत सोडियम व क्लोरीन यांचे कण काटकोनी जाळीत एकाआड एक बसलेले असतात. ही रचना विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. चिखलाच्या तळावरून ओढलेले गोव्याचे मीठ करडे असते. त्या करडेपणाला कमअस्सल समजणे चूक आहे.

हवा किती कोरडी आहे यावर सगळे ठरते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या खाली असली तरच मिठाने तुडुंब झालेले पाणी आटते. त्यावर गेली की उलट मीठच हवेतले पाणी ओढते. म्हणून दमट पहाटे वाफा थांबतो, ऊन चढल्यावर कामाला लागतो. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते तेही याच आकड्यामुळे.

एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीवर दुपारनंतर गडगडणारे ढग उठू लागले की आगरात घाई सुरू होते, कारण एक सर आठवड्याची मेहनत विरघळवते. चंद्राला खळे पडले तरी माणसे सावध होतात. उंचावरच्या पातळ ढगातील बर्फाच्या षटकोनी स्फटिकांतून चांदणे सुमारे २२ अंशांनी वळते आणि कडे उमटते. पाऊस येईलच असे त्यावरून ठरत नाही, वर ओल आहे एवढे मात्र कळते.

या धंद्याला मोठा धक्का बसला तो १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने. गोव्यातील मीठ-उत्पादनावर ब्रिटिशांचा ताबा आला. १८९२ मध्ये करार संपला, तोवर कितीतरी आगरे बंद पडली होती. पुढे कारखान्यातले स्वस्त मीठ, मजुरांची टंचाई आणि बांध फुटून आत शिरणारे पाणी यांनी उरलेल्यांना घेरले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो. त्याआधी मिठाच्या राशी चुडतांनी, म्हणजे माडाच्या झावळ्यांनी, झाकून होतात, वाफ्यांत आभाळाचे पाणी साचते आणि आगर डिसेंबरपर्यंत विसावते.