‘हूज’ फक्त माणसांसाठीच असते का?

इंग्रजीत ‘हूज’ (whose, म्हणजे ‘ज्याचा, जिची’) हे संबंधी सर्वनाम केवळ माणसांसाठी चालते, वस्तूंसाठी ते चूक, असा ‘नियम’ व्याकरणाच्या उजळणीच्या संदेशांतून वर्षानुवर्षे फिरत आहे. तो खरा नाही.

हा समज होणे स्वाभाविक आहे, कारण ‘हू’ माणसांसाठी आणि ‘विच’ वस्तूंसाठी हे आपण शाळेत शिकतो. परंतु ‘विच’ला स्वतःचे षष्ठीचे रूप नाही आणि जुन्या इंग्रजीत ‘हूज’चे पूर्वरूप ‘हू’ व ‘व्हॉट’ या दोहोंची षष्ठी होते. त्यामुळे दादरमधल्या एखाद्या इमारतीबद्दल ‘द बिल्डिंग हूज लिफ्ट इज आउट ऑफ ऑर्डर’ हे निर्दोष आहे. त्याऐवजी ‘द लिफ्ट ऑफ विच’ लिहिले तर चूक नाही, पण सोसायटीच्या सूचनाफलकावर ते फारच अवघडलेले वाटेल. मराठीत तरी ‘जिची लिफ्ट बंद आहे ती इमारत’ म्हणताना आपण कुठे अडखळतो?

प्रश्नार्थक ‘हूज’ मात्र माणसांपुरतेच आहे: ‘हूज अम्ब्रेला इज धिस?’ म्हणजे छत्री कोणाची. बहुधा गोंधळ इथूनच झाला असावा. पडताळण्यासाठी चांगल्या इंग्रजी शब्दकोशात ‘हूज’ची नोंद उघडावी, संबंधी अर्थाखाली वस्तूंचाही उल्लेख आढळेल.