पाचक एंझाइमे आणि धातूंचे आयन

अन्नाचे विघटन करणाऱ्या एंझाइमांपैकी काहींना धातूच्या आयनाशिवाय कामच करता येत नाही, काहींची घडण त्यावाचून टिकत नाही, तर जठरातील पेप्सिनला धातूची गरज पडत नाही. त्यामुळे ‘एंझाइमांना खनिजे लागतात’ हे सरसकट विधान फारसे उपयोगाचे नाही. कोणता आयन रेणूत नेमका कोठे बसतो, यावर सारे अवलंबून असते.

स्वादुपिंडातून स्रवणारे कार्बॉक्सिपेप्टिडेज ए हे याचे सर्वांत बारकाईने अभ्यासलेले उदाहरण होय. त्यात जस्त असल्याचे व्हॅली आणि न्यूरॅथ या जीवरसायनशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये दाखवले. प्रत्येक रेणूच्या क्रियास्थानी, म्हणजे जेथे विक्रिया घडते त्या जागी, जस्ताचा एकच आयन असतो. दोन हिस्टिडीन व एक ग्लुटामिक अम्ल या एंझाइमाच्या साखळीतील ॲमिनो अम्लांनी तो धरून ठेवलेला असून पाण्याचा एक रेणूही त्याला जोडलेला असतो. जस्तामुळे हे पाणी अधिक क्रियाशील होते आणि प्रथिनसाखळीच्या कार्बॉक्सिल टोकाचे ॲमिनो अम्ल सुटे होते. जस्त काढून घेतल्यास एंझाइम निष्क्रिय होते व परत मिसळल्यास पूर्ववत काम करू लागते. त्याच्या जागी कोबाल्ट बसवल्यास पेप्टाइड बंध (ॲमिनो अम्लांना जोडणारा बंध) तोडण्याचा वेग उलट वाढतो. कॅडमियम बसवल्यास ही क्षमता जवळजवळ नाहीशी होते, पण एस्टर बंध तोडण्याची क्षमता शाबूत राहते, हे विशेष.

कॅल्शियमची कामगिरी वेगळी आहे. स्टार्च तोडणाऱ्या अल्फा-अमायलेजमध्ये तो रेणूच्या दोन भागांच्या सांध्यावर बसतो व क्रियास्थानाची ठेवण सांभाळतो. धातूचे आयन पकडून ठेवणाऱ्या ईडीटीए या रसायनाने तो ओढून घेतला, की स्टार्चचे विघटन मंदावते आणि प्रथिने तोडणारी एंझाइमे अमायलेजलाच सहज तोडू लागतात. प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनमध्ये तर कॅल्शियम क्रियास्थानापासून दूर, साखळीच्या एका वळणात असतो. विक्रियेत त्याचा भाग नसतो, परंतु त्याच्या अभावी ट्रिप्सिनचे रेणू एकमेकांनाच पचवू लागतात.

पारा, शिसे, चांदी व तांबे यांचे आयन मात्र बहुधा मारक ठरतात, कारण ते प्रथिनातील गंधकयुक्त गटांशी किंवा हिस्टिडीनशी घट्ट बांधले जातात. स्टार्चच्या द्रावणात लाळ मिसळून काही वेळाने आयोडीन टाकले असता एरवी स्टार्चची खूण असलेला निळा रंग येत नाही, कारण लाळेतील अमायलेजने स्टार्च तोडलेले असते. त्याच मिश्रणात आधी पुरेसे मोरचूद (तांब्याचे सल्फेट) घातलेले असेल, तर तो येतो.