सोलरचे पाणी न तापणे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या सीमाभागात घराघरांच्या गच्चीवर बसवलेल्या सौर जलतापकातील, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘सोलर’मधील, नेहमीचा बिघाड. खोली उबदार ठेवण्याची गरज इथल्या थंडीत पडत नाही; आंघोळीच्या पाण्याची मात्र पडते. पूर्वी ते काम बंब करीत असे, आता बहुतेक पक्क्या घरांत सोलर करतो.

‘सोलर तापत नाही’ या तक्रारीत दोन वेगळे दोष एकत्र सांगितले जातात. टाकीतच पाणी गार असणे हा एक. टाकीत कढत पाणी असूनही न्हाणीघरात गार येणे हा दुसरा. दोन्हींची कारणे व दुरुस्ती निराळी. म्हणून ऊन पडलेल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास गच्चीवर जाऊन टाकीतून निघणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपाला, खाली कोणी गरम नळ सोडलेला असताना, जपून हात लावावा. चटका बसला तर ऊन झेलणाऱ्या काचेच्या नळ्यांना दोष देऊ नये. दोष खालच्या नळजोडणीत आहे, आणि बहुतेक वेळा तो तिथेच सापडतो.

त्यातले सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे मिक्सर, म्हणजे गार व गरम पाणी एकत्र करणारा न्हाणीघरातला नळ. गार व गरम पाण्याच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून फक्त हँड शॉवरचे बटण बंद केले, की दोन्ही लाइन आतून जोडल्या जातात. गार लाइनवर प्रेशर पंप असेल तर त्याचे पाणी गरम पाइपातून उलटे वर चढते. परिणाम असा की एका न्हाणीघरातल्या मिक्सरमुळे संपूर्ण घराला कोमट पाणी येते. तपासणी सोपी आहे. सोलरच्या टाकीत गार पाणी आणणारा व्हॉल्व्ह बंद करावा आणि घरातला एकच गरम नळ सोडावा. गरम पाणी टाकीच्या वरच्या अंगातून बाहेर पडते. आत नवे पाणी आले नाही तर ते बाहेर ढकलले जात नाही. त्यामुळे पाइपात उरलेले पाणी संपले की नळ थांबला पाहिजे. तो गार पाण्याने वाहतच राहिला तर पाणी मिक्सरमधून येत आहे. मग एकेका मिक्सरखालचा अँगल कॉक, म्हणजे पाणी तोडायची छोटी चावी, बंद करून गुन्हेगार शोधावा. त्या मिक्सरमधले काडतूस (आतला झडपेचा भाग) किंवा वॉशर बदलावा आणि गरम लाइनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवून घ्यावा.

नळाला गरम पाणी अजिबातच येत नसेल किंवा गुरगुरत तुटक येत असेल तर पाइपात हवा अडकलेली असते. नळाचे पाणी काही दिवसांआड येणाऱ्या भागात गार पाण्याची वरची टाकी कोरडी पडते, त्यानंतर हा दोष हमखास उद्भवतो. गरम पाइप कठड्यावरून चढून पुन्हा उतरला असेल तर त्या उंचवट्यात हवा बसते आणि सोलरचा नुसत्या उंचीचा दाब तिला हलवू शकत नाही. वरची टाकी भरल्यावर मिक्सरच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून दोन्ही चाव्या मिनिट-दोन मिनिटे उघड्या ठेवाव्यात. गार पाणी हवेला मागे रेटते आणि ती व्हेंट पाइपातून, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या उघड्या तोंडाच्या उभ्या पाइपातून, निघून जाते. मिक्सरमधून पाणी उलटे चढण्याचा वर सांगितलेला दोष इथे औषधासारखा वापरायचा, एवढेच.   दोष वारंवार येत असेल तर उंचवट्यावर उभा व्हेंट पाइप काढावा. त्याचे तोंड गार पाण्याच्या टाकीतील सर्वोच्च पातळीपेक्षा वर हवे, नाहीतर त्यातून पाणी सांडत राहते. व्हेंटमध्ये गांधीलमाशीने घर केले तर हवा आत-बाहेर होत नाही आणि टाकी रिकामी होताना आत चेपते. वर्षातून एकदा तो तारेने साफ करणे पुरते.

गरम पाणी उशिरा येणे हा बिघाड नव्हे. 20 मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपात दर मीटरला सुमारे 300 मिलिलिटर पाणी मावते. 15 मीटर लाइन असेल तर साडेचार-पाच लिटर गार पाणी आधी निघणारच. ते बादलीत धरावे.

टाकीतच पाणी तापत नसेल तर आधी सावली पाहावी. डिसेंबरात बेळगावात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे 51 अंशांवर असतो, तर जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर आणि किंचित उत्तरेला. त्यामुळे दक्षिणेच्या शेजाऱ्याने मजला चढवला, तर उन्हाळ्यात काहीच जाणवत नाही. तक्रार दिवाळीनंतर सुरू होते आणि सगळे टाकी उघडून बसतात. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, म्हणजे चिकोडी, रायबाग, अथणीकडे, उसाचा पाला जाळण्याच्या दिवसांत नळ्यांवर काजळी बसते. ती सकाळी नळ्या गार असताना ओल्या फडक्याने पुसावी.

काचेची नळी निर्वात असते, म्हणजे तिच्या दोन काचांमधली हवा काढलेली असते. तिच्या बंद टोकाला आतून चांदीसारखा थर असतो. त्या पोकळीत हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो, आणि उन्हात चांगल्या नळीची बाहेरची काच गार लागते तिथे या नळीची गरम लागते. 100 लिटरच्या संचात 58 मिलिमीटर व्यासाच्या साधारण 10 नळ्या असतात. एक गेल्याने पाणी गार पडत नाही, तीन-चार गेल्या तर फरक कळतो. नारळ किंवा वानर पडून नळी फुटली तर टाकीच रिकामी होते. नवी नळी साबणाचे पाणी लावून, पिळ देत सिलिकॉन रिंगमध्ये बसवावी. हे काम व त्यानंतर टाकी भरणे सूर्योदयापूर्वी किंवा संध्याकाळी करावे. भर दुपारी तापलेल्या कोरड्या नळ्यांत गार पाणी सोडले की त्या तडकतात. घाईच असेल तर आधी तासभर गोणपाट झाकून ठेवावे.

बोअरचे पाणी जड असेल तर क्षार साठतात. काचेच्या नळीत ते तळाशी बसतात आणि पाणी तरीही बऱ्यापैकी तापते. काही सोलरमध्ये काचेच्या नळ्यांऐवजी तांब्याच्या पट्ट्यांचा सपाट पॅनेल असतो; तो मात्र यातून लवकर वाया जातो, कारण त्यातील अर्ध्या इंची नळ्या तुंबून पाण्याचे फिरणे थांबते. खूण अशी : भर उन्हात पॅनेलचे वरचे टोक कढत, पण तिथून टाकीकडे जाणारा पाइप गार. 10 लिटर पाण्यात अर्धा किलो सायट्रिक ॲसिड विरघळवून ते पॅनेलमध्ये काही तास ठेवावे, मग भरपूर पाण्याने धुवावे. संडास धुण्याचे ॲसिड वापरू नये. ते स्टेनलेस स्टीलच्या टाकीला बारीक छिद्रे पाडते.

संध्याकाळी कढत असलेले पाणी पहाटे गार होत असेल तर टाकीभोवतीच्या फोममध्ये पाणी शिरले आहे का ते पाहावे. पहाटे टाकीचा बाहेरचा पत्रा कोमट लागतो. सपाट पॅनेलच्या संचात टाकीचा तळ पॅनेलच्या माथ्यापेक्षा सुमारे एक फूट वर नसेल तर रात्री पाणी उलटे फिरून पॅनेलमध्ये गार होते. हे बसवतानाच चुकलेले असते.

जून ते सप्टेंबर, विशेषतः खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात, सोलरकडून फार अपेक्षा ठेवू नये. तिथे अनेक घरांत बंब अजून जागेवर आहे तो उगाच नव्हे. टाकीत 2 किलोवॅटचा हीटर असेल तर 100 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण दोन तास लागतात. त्याहून फार वेळ लागला तर एमसीबी (विजेचा मुख्य खटका) पाडून, तारा सुट्या करून मल्टिमीटरने एलिमेंट, म्हणजे हीटरची तापणारी कांडी, मोजावे : सुमारे 26 ओम आले तर एलिमेंट ठीक, दोष थर्मोस्टॅटमध्ये (ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करणाऱ्या भागात), काहीच आले नाही तर एलिमेंट जळाले. हीटर चालू करताच आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा खटका) पडत असेल तर एलिमेंटला चीर गेलेली असते. अशा वेळी आरसीसीबीला बगल देऊन हीटर चालवणे जिवावर बेतते. एलिमेंट बदलून, अर्थिंग तपासूनच तो लावावा.